सव्वा सुताचा गांधार

फर्निचरच्या कामात अर्धा सूत इकडेतिकडे झाला तर कुणी विचारत नाही. दार जरा घासून घ्यायचं, सांध्यावर पट्टी मारायची, पॉलिश चढलं की गिऱ्हाईक खूश. फोंड्याहून कवळ्याच्या वाटेवर आमचा छोटा कारखाना आहे. मी, बाबा आणि हाताखाली दोन पोरं. दारं-खिडक्या, पलंग, देव्हारे आणि श्रावण लागला की चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, चौरंग आणि माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायच्या, चौकटी. माप आमच्याकडे अजून सुतातच चालतं. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडा जास्त.

इलेक्ट्रिक गिटारची ऑर्डर आली तीही दारांमुळेच. म्हापशाच्या एका घराची दारं आम्ही केली होती. त्या घरातला मुलगा कळंगुट-बागाच्या हॉटेलांत बँडमध्ये वाजवतो. काम आटपलं त्या दिवशी त्याने आपली गिटार आणून माझ्यासमोर ठेवली. "दादा, उघडून बघा. यात तुम्हाला न जमण्यासारखं काय आहे ते सांगा." चार स्क्रू काढले आणि दार बिजागरीवरून उतरावं तशी मान धडापासून सुटली. आत पोकळी नाही, फासळ्या नाहीत, बाक दिलेल्या पातळ फळ्या नाहीत. पावणेदोन इंची लाकडाचा भरीव ठोकळा आणि त्यात राऊटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, मारलेले खड्डे. पोकळ गिटार असती तर मी हात जोडले असते. हे पाहून हो म्हणालो.

मान अशी स्क्रूने जोडायची पद्धत रूढ केली ती कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी, १९५० च्या सुमारास. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. हे कळल्यावर माझी भीड बरीच चेपली, कारण मलाही येत नाही.

धडासाठी मुलाने आमच्या माळ्यावरची फणसाची फळी निवडली. जुन्या घराच्या दारातली, कैक पावसाळे पाहिलेली, रंगाने तपकिरी पडलेली. रंधा मारल्यावर आतून पुन्हा पिवळी निघाली आणि भुशाने आमचे हात हळद लावल्यासारखे झाले. बाबांनी तेवढ्यापुरती मान डोलावली: "वीणा फणसाची करतात, मृदंग फणसाचा करतात. लाकूड चुकलं नाही." बाकी चवथ तोंडावर असताना हा उद्योग त्यांना मुळीच पसंत नव्हता.

कुठल्या लाकडाचा आवाज गोड यावर गिटारवाले तासन् तास भांडतात, असं मुलगा सांगत होता. माझं मत सुताराचं आहे. भरीव गिटारचा आवाज लाकडातून बाहेर येत नाही. पोलादी तार चुंबकासमोर हलते, चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात (या जोडीलाच पिकअप म्हणतात) वीज उमटते आणि ती वीज ॲम्प्लिफायरकडे जाते. १९४० च्या सुमारास लेस पॉल यांनी पाइनच्या चार इंची चौकोनी ओंडक्यावर तारा चढवल्या होत्या आणि गिटारसारखं दिसावं म्हणून दोन बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे भाग चिकटवले होते. ओंडकाही चालतो तर लाकडाचं पहिलं काम जागच्या जागी राहणं. ते सुकं हवं, सरळ हवं आणि गळ्यात अडकवून तासभर उभं राहता येईल इतपत हलकं हवं. गोव्याच्या पावसात यातलं ‘सुकं’ हेच सगळ्यात अवघड.

काम करताना माझी एक जन्माची सवय मोडली. आम्ही फळीची एक धार सरळ करतो, तिला गुण्या लावतो आणि सगळी मापं त्या धारेपासून घेतो. गिटारला धारच नाही, सगळी वळणं. तिथे आधी मधली रेघ मारायची. मान, पिकअप, तारा धडावर जिथे टेकतात तो ब्रिज, सगळं त्या रेघेवरून मोजायचं आणि बाहेरचा आकार शेवटी कापायचा. रेघ पुसली गेली तर काम संपलं, म्हणून ती मी पेन्सिलीने न मारता सुरीने कोरली.

मान सागवानाची केली. सागात तेल असतं, गोंद धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी थिनरने पुसून घेतली. तिच्या पोटात मुलाने आणलेली लोखंडी ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक सावरणारी सळई, बसवली आणि वर शिसवीची पट्टी. हे शिसव आपल्या सह्याद्रीतलं, आणि जगभरच्या गिटारांच्या मानेवर बसतं. धडातला मानेचा खाचा १६ मिलिमीटर खोल घेतला, इतका घट्ट की एकही स्क्रू न लावता मान धरून अख्खी गिटार उचलता यावी. ती उचलली गेली तेव्हा बाबा बघत होते. बोलले नाहीत, पण बघत होते.

मग फ्रेट, म्हणजे मानेवर आडव्या ठोकायच्या धातूच्या पट्ट्या, सतारीला पडदे असतात तशा. तारेची मोकळी लांबी ६४८ मिलिमीटर ठरली होती. तिला १७.८१७ ने भागलं की पहिल्या फ्रेटची जागा येते, ३६.४ मिलिमीटर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागलं की दुसरी. असं करत बारावी फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ वर पडते. पडली म्हणजे हिशेब जुळला. फक्त खुणा करताना एका फ्रेटपासून पुढची मोजायची नाही, प्रत्येक खूण नटपासूनच, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात तिथूनच, घ्यायची, नाहीतर केसाएवढी चूक पुढे पुढे वाढत जाते. आमची करवत या कामाला जाड पडते. खाच जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून जास्त चालत नाही, म्हणून वेगळी पात करवत मागवली. फ्रेट ठोकून झाल्यावर सगळ्यांच्या डोक्यावर काळा मार्कर फिरवला आणि सपाट पट्टीला पॉलिश पेपर लावून हलक्या हाताने घासलं. जिची शाई पुसली गेली ती फ्रेट उंच, जिची राहिली ती खाली. सगळ्यांची शाई सारखी जाईपर्यंत घासायचं आणि मग प्रत्येकीला कानशीने पुन्हा गोलाई द्यायची. आठवडाभर माझ्या नखांत काळं होतं.

तारा चढल्या तो दिवस श्रावणातला शनिवार. सकाळपासून पाऊस, कारखान्यात चौरंगांची रांग, आणि बाबा एका कोपऱ्यात माटोळीच्या चौकटीला भोकं पाडत बसलेले. पिकअपचं सोल्डरिंग शेजारच्या टीव्ही मेकॅनिकने आदल्या रात्री करून दिलं होतं. मी एकेक तार ओढत गेलो. सहा तारा मिळून मानेवर साधारण ४५ किलोचा ताण येतो. कपाटाची फळी पुस्तकांनी वर्षभरात बाक घेते, आणि इथे जेमतेम पाऊण इंच जाडीची मान इतकं ओझं कायमचं वाहणार! सगळ्या तारा चढेपर्यंत मान पुढे वाकलीच. ट्रस रॉडची चावी पाव फेरा फिरवली, थांबलो, पुन्हा थोडी फिरवली. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली तर मधे सातव्या फ्रेटपाशी कागदाच्या दोनतीन घड्या जातील एवढी फट राहिली. एवढी हवीच, नाहीतर तार फ्रेटवर आपटून खरखरते.

ट्यूनर म्हणजे मोबाईलवरचं ॲप. सगळ्यात बारीक तार सुरात लावली, काटा मधोमध. मग बाराव्या फ्रेटवर दाबून छेडली.

"वरचा सा चढा लागतोय," कोपऱ्यातून बाबा.

गिटार ॲम्पला जोडलेलीही नव्हती. नुसती तार, आणि पत्र्यावर पाऊस. मी ॲपकडे बघितलं, काटा खरंच उजवीकडे. हे माझ्या वाचनात आलं होतं. तार दाबली की ती किंचित ताणली जाते, म्हणून ब्रिजवरचं तिचं सॅडल, म्हणजे ती टेकते तो तुकडा, जरा मागे घ्यावं लागतं, जाड तारेचं जास्त, बारीक तारेचं कमी. स्क्रू फिरवत गेलो. बाबा भोकं पाडायचं सोडून जवळ आले आणि काट्याआधी तेच सांगू लागले, "अजून जरा... बस." सहाही तारा अशाच लावल्या. मी नंतर नंतर मोबाईल उलटा ठेवून दिला.

बाबा गावच्या भजनी मंडळात गातात, पखवाजही धरतात. आमच्या तालुक्यात कानाची माणसं नवलाची नाहीत. केसरबाई केरकर केरीच्या, मास्टर दीनानाथ मंगेशीचे. पण वाद्य हा प्रकार बाबांनी कधी सुताराच्या नजरेने पाहिला नव्हता, आणि मी लाकूड कधी कानाने ऐकलं नव्हतं.

"हा सूर पांढरी तीन," ते म्हणाले, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी. स्वतःच्या मोबाईलवर त्यांनी त्याच पट्टीत तानपुरा लावला आणि मला एकेक फ्रेट वाजवायला लावलं. सा. रे. तिसऱ्या सुराला, म्हणजे चौथ्या फ्रेटवरच्या ‘ग’ला, हात वर केला.

"गांधार चढा."

"आता ॲप बरोबर दाखवतंय, बाबा."

"दाखवू दे. तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटतो, तो ऐक. तुझा त्याला भांडतोय."

मी कान दिला. खरंच, दोन सूर एकत्र टिकेनात, मधे एक हेलकावा येत होता, सेकंदाला तीनेक वेळा. एकदा ऐकू आला तो नंतर जाईना.

"सॅडल सरकव," बाबा म्हणाले. मी सांगितलं, त्याने सगळेच सूर उतरतील. "मग पडदा सरकव. सतारीचा सरकतो." सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, हे ठोकलेले. आणि सरकवला तरी इतर तारांचं, इतर पट्ट्यांचं काय? सगळ्या पट्ट्यांत सारखं वाजावं म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले आहेत. पेटीत तेच.

चौरंगाच्या फळीवर पेन्सिलीने हिशेब मांडला. शुद्ध गांधाराला तारेचा चार पंचमांश भाग मोकळा हवा, म्हणजे फ्रेट नटपासून १२९.६ मिलिमीटरवर. माझी चौथी फ्रेट १३३.७ वर, जिथे ती असायला हवी तिथेच. फरक ४ मिलिमीटरहून थोडा जास्त. सव्वा सूत! मग पंचमाचा, म्हणजे ‘प’चा, काढला. शुद्ध पंचम २१६ वर, माझी सातवी फ्रेट २१५.५ वर. अर्धा मिलिमीटर.

आकडे वाचून दाखवले तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पंचमावर त्यांनी हात वर केला नव्हता. तो गिटारवर त्यांच्या मते ठीकच होता.

"सव्वा सूत चुकलेलं दार मी गिऱ्हाईकाला देणार नाही," ते म्हणाले.

"आपल्या पेटीतही हाच गांधार असतो ना?"

"असतो. म्हणून तर १९४० साली रेडिओवाल्यांनी पेटी बंद केली होती. पण पेटी वाजते तेव्हा वर माझा गळा असतो. हिच्यावर कोण गाणार?"

बंदीमागे याशिवायही कारणं होती, पण तो वाद घालायची ती वेळ नव्हती. संध्याकाळी मुलगा येणार होता.

तो आला तो भिजत, छोटा ॲम्प प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. जोडल्याबरोबर घूंऽऽ असा आवाज. त्याने तारांवर तळवा ठेवला, आवाज कमी झाला. म्हणजे अर्थिंग ठीक आहे, असं तो म्हणाला. उरलेली घरघर आमच्या जुन्या ट्यूबलाइटच्या चोकची निघाली. ती मालवली, राहिली ती चालण्यासारखी. अशा एका वेटोळ्याच्या पिकअपला ५० हर्ट्झची वीज थोडीफार ऐकू येतेच. खड्ड्यांना आतून तांब्याची पट्टी लावली होती म्हणून तेवढ्यावर भागलं.

मग त्याने पायाखालचा पेडल दाबला. पाऊस, पत्रा, सगळं त्या आवाजात बुडालं. दोन्ही कामगार पोरं हातातलं टाकून आली. मी बाबांकडे बघत होतो. आता कान झाकून बाहेर जातील असं वाटलं होतं. ते पुढे सरकले. मुलगा थांबल्यावर म्हणाले, "हे सगळं नुसतं सा आणि पच आहे रे. गांधार कुठे गेला?"

मुलाला सा-प कळेना. मी बोटाने फ्रेट दाखवल्या तेव्हा हसला. "काका, डिस्टॉर्शनवर, म्हणजे पेडलच्या या फाटक्या आवाजावर, तो सूर आम्ही काढूनच टाकतो. लावला तर सगळा चिखल होतो. दोनच सूर ठेवायचे, पॉवर कॉर्ड म्हणतात त्याला." पेडल दाबून त्याने चिखलही करून दाखवला.

बाबांनी तो पुन्हा वाजवायला लावला. मग पेडल बंद करून. मग पुन्हा चालू करून. पेडल आवाज नुसता वाढवत नाही, दोन सुरांच्या भांडणातून आणखी सूर तयार करतो, म्हणून सव्वा सुताचं भांडण तिथे दसपट ऐकू येतं. हे मुलाने त्याच्या भाषेत सांगितलं आणि बाबांनी त्यांच्या भाषेत त्याला परत सांगितलं. अर्धा तास दोघांनी मला विचारलं नाही. चौरंगाच्या फळीवरचा माझा हिशेब मात्र बाबांनी त्याला दाखवला, स्वतः केल्यासारखा.

पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले. लाकूड आणि मजुरी सुटली, एवढंच म्हणेन. वेळेचा हिशेब लावला तर दोन दारांत यापेक्षा जास्त मिळतं. पुढच्या उन्हाळ्यात शिसवीची पट्टी आकसून फ्रेटची टोकं कडेला बोटाला लागतील, तेव्हा घेऊन ये, कानस मारून देतो, असंही त्याला सांगून ठेवलं.

जाताना तो म्हणाला, बँडमधल्या मित्राला बेस गिटार हवी आहे. तिची तार लांब, ८६४ मिलिमीटर, चारच तारा. बाबा लगेच म्हणाले, "तिला पडदेच ठोकू नका. ज्याला सूर पाहिजे तो बोटाने शोधील." मला वाटलं मुलगा हसेल, पण तो म्हणाला, अशी असते, फ्रेटलेस म्हणतात.

मित्राचा परवा फोन आला. त्याला फ्रेट हव्यात. बाबा ऐकायला तयार नाहीत. पडदे घालायचे की नाही हे त्या दोघांचं नक्की होईपर्यंत मी ॲडव्हान्स घेतलेला नाही.