बातमी लिही, अग्रलेख नको

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा मेसेज आपल्या १९९४ च्या बॅचच्या ग्रुपवर आला आणि मी लगेच हो म्हणून टाकलं. लिहिण्यासारखं खूप आहे, गॅदरिंग, पीटीचे सर, लायब्ररीचा तास, पण ते बाकीचे लिहितीलच. मला फक्त बाईंविषयी लिहायचंय. आठवी ब च्या वर्गशिक्षिका, मराठीच्या बाई. नाव लिहायची गरज नाही, आपल्या काळच्या कोणालाही विचारा.

मी तेव्हा फार हळवी होते. डबा खाताना एखादी मैत्रीण जरा पाठ करून बसली तरी माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. सतत वाटायचं की या मुली मला नुसतं चालवून घेतात, खऱ्या मैत्रिणी त्या एकमेकींच्याच. मग मी सगळ्यांच्या वह्या पूर्ण करून द्यायचे, कुणाला कधी नाही म्हणायचे नाही, आणि एवढं करूनही कोणी हाक मारली नाही की घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडायचं. घरी, दारी सगळे एकच सांगायचे, मनाला लावून घेऊ नकोस. पण लावून घ्यायचं नाही म्हणजे नक्की काय करायचं हे कोणी सांगायचं नाही. ते बाईंनी सांगितलं.

झालं असं की एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आमच्यातल्या चौघीजणी नदीवर, प्रीतिसंगमावर गेल्या, भेळ खाल्ली, आणि मला सोमवारी कळलं. मी अबोला धरला. दोन दिवस मागच्या बाकावर एकटी बसले. बाईंच्या लक्षात आलं, त्यांनी मधल्या सुट्टीत बोलावलं आणि काही न विचारता एक फुलस्केप पुढे ठेवला, म्हणाल्या, "काय झालं त्याची बातमी लिही." बातमीलेखन तेव्हा नुकतंच शिकवून झालं होतं. मी पानभर लिहिलं. बाईंनी लाल पेन काढलं आणि एकेक शब्द खोडायला सुरुवात केली. "मुद्दाम" खोडला. "नेहमीच" खोडला. "सगळ्याच जणी" खोडलं, तिथे वर "चौघी" लिहिलं. "त्यांना मी आवडत नाही" हे अख्खं वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, "हा अग्रलेख झाला." शेवटी पानावर उरलं ते एवढंच, शनिवारी चौघी प्रीतिसंगमावर गेल्या, मला विचारलं नव्हतं.

"आता बातमीदार काय करतो? ज्याची बातमी त्याला जाऊन विचारतो. जा."

हातपाय गार पडले होते पण गेले. तर त्यातली एक म्हणाली, अगं मागच्या वेळी तुझ्या आईने नदीवर पाठवलं नव्हतं ना, म्हणून म्हटलं कशाला विचारायचं. बस, एवढंच कारण होतं, आणि त्याच्यासाठी मी दोन रात्री धड झोपले नव्हते.

पण बाईंचं मोठेपण इथे संपत नाही, कारण दरवेळी असं गोड कारण निघत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. पुढे नववीत एका मैत्रिणीने तोंडावर सांगितलं की मला तुझ्याशेजारी बसायचं नाही. मी परत बाईंकडे. त्यांनी खोटी समजूत घातली नाही, "तिचं तसं नसेल गं" वगैरे काही नाही. म्हणाल्या, "ही बातमी खरी आहे. वाईट वाटणारच, वाटू दे. पण एका मुलीला तुझ्याजवळ बसायचं नाही यावरून तू कोणालाच नकोस हे कुठून काढलंस?" आणि निबंधात मार्क कमी पडून मी तोंड पाडलं की म्हणायच्या, मार्क निबंधाला दिलेत, तुला नाही.

पुढे मी सायकॉलॉजीला गेले, एम.ए. केलं, आणि ठाण्यात आले. तिथे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्यावर काम करते, तिथल्या शिबिरात मला अल्बर्ट एलिस पहिल्यांदा नीट कळला. अमेरिकेतल्या या मानसतज्ज्ञाने १९५५ मध्ये जी पद्धत मांडली तिला आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, ती भारतात रुजवली कि. मो. फडके सरांनी, एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. एलिसची एबीसी फळ्यावर लिहिली होती, ए म्हणजे घटना, बी म्हणजे त्या घटनेबद्दलची आपली समजूत, सी म्हणजे होणारा त्रास, आणि त्रास ए मुळे नाही तर मुख्यतः बी मुळे होतो. मी मनात म्हटलं, अहो हे तर आमच्या बाईंचं बातमी आणि अग्रलेख! एलिस असंही सांगायचा की स्वतःला उगाच भारी समजायच्या मागे लागू नका, स्वतःला मार्क देणंच बंद करा, वागण्याला द्या. आमच्या शाळेत हे १९९१ सालीच शिकवून झालं होतं.

आज मी शाळेतल्या मुलांची समुपदेशक आहे, बरीच वर्षं झाली, आता पालकांच्या कार्यशाळाही घेते आणि त्याला हॉल भरतो हे अभिमानाने सांगते. मुलं येतात ती तीच दुखणी घेऊन, फक्त आता मोबाईलमधून. ब्लू टिक आली पण रिप्लाय नाही. माझ्या स्टोरीला तिने लाईक केलं नाही. ग्रुपमधून काढलं, दुसरा ग्रुप केला, त्यात मी नाही. आमचं रडणं शाळा सुटली की निदान मैत्रिणींच्या नजरेआड असायचं, यांना रात्री अकरालाही सुटका नाही, फार जीव तुटतो. मी त्यांच्यापुढे कागद ठेवते आणि म्हणते बातमी लिही. "तिने मला इग्नोर केलं" यातलं इग्नोर खोडते, उरतं ते "नऊ वाजता मेसेज केला, अजून उत्तर नाही". एका अमेरिकन अभ्यासाबद्दलही सांगते, एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा, २०१८ चा. त्यात अनोळखी लोकांना एकमेकांशी गप्पा मारायला लावल्या तर समोरच्याला आपण किती आवडलो याचा लोकांचा अंदाज सरासरी कमीच निघाला, प्रत्यक्षात ते वाटलं त्यापेक्षा जास्त आवडले होते. हे ऐकून मुलांचे खांदे थोडे सैल होतात, हे मी समोर बसून बघितलंय.

आणि हळवेपणा काढून टाकायचा नसतो हेही बाईंचंच. पाटणहून एक मुलगी नवीन आली होती, कोणाशी बोलायची नाही, बाईंनी तिला माझ्या शेजारी बसवलं, म्हणाल्या, हिच्या मनात काय चाललंय ते वर्गात तुलाच आधी कळेल. मला खरंच कळलं. आजही आम्ही महिन्यातून एकदा फोनवर तासभर बोलतो.

मध्यंतरी शाळेत येऊन गेले. नवी इमारत छान झालीय, डिजिटल वर्ग झालेत, सीसीटीव्ही आहेत. पण शिक्षकांना श्वास घ्यायला वेळ नाही, माहिती भरा, ऑनलाईन भरा, सर्व्हे करा. मधल्या सुट्टीत एका मुलीसमोर फुलस्केप घेऊन बसायला आज कोणत्या बाईंना सवड आहे? याचं मला फार वाईट वाटतं, आणि यात शिक्षकांचा काडीचा दोष नाही.

म्हणून संस्थेला एक विनंती. अमृतमहोत्सवाच्या निधीतून कमानीबरोबर समुपदेशनासाठी एक छोटी खोली काढा. नोटीस बोर्डवर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लावा, सरकारी आहे, फुकट आहे, कधीही लावता येतो. आणि महिन्यातला एक शनिवार मी ठाण्याहून यायला तयार आहे, मानधन नको, प्रवासखर्च नको. बाईंना गुडघ्यांमुळे समारंभाला येणं जमणार नाही म्हणतात, तेव्हा त्या खोलीच्या उद्घाटनाला त्यांना आणायची जबाबदारी माझी, गाडी मी पाठवते.