सर्व्हरला दोन केबल लावल्या तेव्हा

पुण्यातल्या आमच्या व्हिडिओ एडिटिंगच्या ऑफिसात सहा जण एकाच फाइल सर्व्हरवर काम करतात. सर्व्हरपासून स्विचपर्यंत (सगळ्या मशीनच्या नेटवर्क केबल जिथे येतात ती पेटी) केबल एकच, सेकंदाला एक गिगाबिटची. दुपारी तिघा-चौघांनी एकदम फुटेज उघडलं की टाइमलाइन अडकायची. सर्व्हरचा दुसरा लॅन पोर्ट रिकामाच होता आणि स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, म्हणून दोन्ही पोर्ट लिंक ॲग्रिगेशननं, म्हणजे दोन केबलींची मिळून एक जोडणी करून, बांधायचं ठरवलं.

रविवारी बसलो. पोर्ट गटात टाकताना लिंक तुटते, म्हणून स्विचला कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय थेट सेटिंग करायची) आणि सर्व्हरला मॉनिटर आधीच जोडून ठेवला. सर्व्हरवर लिनक्स आहे. तिथे बाँडिंगचा (पोर्ट एकत्र बांधायची लिनक्सची सोय) ८०२.३एडी मोड, म्हणजेच एलएसीपी, निवडला; यात दोन्ही बाजू आपसात बोलून गट बांधतात. स्विचवर गट केला, दोन्ही दिवे हिरवे झाले, पण गट काही जमेना. तासभर मी केबलाच बदलत होतो. मग बाँडची स्थिती नीट वाचली: समोरच्याचा मॅक पत्ता (नेटवर्क उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) म्हणून नुसती शून्यं. म्हणजे स्विच एलएसीपी बोलतच नव्हता. गटाचा प्रकार स्टॅटिक, म्हणजे न बोलता बांधलेला, राहिला होता. तो बदलून ॲक्टिव्ह केला आणि काही सेकंदांत गट उभा राहिला. (दोन्ही बाजू पॅसिव्ह ठेवल्या तरी हेच होतं, सुरुवात कोणीच करत नाही.) व्हीलॅनही (एकाच स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग) आता सुट्या पोर्टांवर नाही, गटावर द्यावा लागतो.

खरी मेहनत पुढे होती. दोन मशीनवरून एकदम आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवला, तरी सर्व्हरकडून येणारा एकूण वेग ९४० मेगाबिटच्या वर जाईना. एका मशीनला एका केबलचाच वेग मिळणार हे ठाऊक होतं. तिकिटाच्या खिडक्या दोन झाल्या तरी एका माणसाचं तिकीट एकाच खिडकीवर निघतं. पण इथे तर सगळी रांग एकाच खिडकीवर होती. आमची एडिटिंगची मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये आहेत आणि दोन व्हीलॅनमधलं राउटिंग स्विचच करतो. त्यामुळे सर्व्हरला प्रत्येक मशीनच्या जागी स्विचचाच मॅक पत्ता दिसत होता. बाँडिंग मुळात मॅकवरून केबल निवडतं, मग सगळ्यांच्या वाट्याला एकच केबल! सर्व्हरवर हॅश, म्हणजे केबल निवडायचा हिशोब, लेयर२+३ केला, म्हणजे मॅकसोबत आयपी पत्ताही हिशोबात आला. स्विचवरही तोच बदल केला, कारण जाणारी केबल प्रत्येक बाजू आपली आपण निवडते. दोन मशीन, एकूण १.८८ गिगाबिट. तो आकडा पाहून फार समाधान वाटलं.

कॉन्फिगरेशन सेव्ह केलं, स्विच बंद करून पुन्हा चालू केला, मग कॉपी चालू असताना एक केबल काढली. कॉपी चालूच राहिली.

सोमवारी पाहिलं तर सर्वांत जड फुटेज हाताळणारी दोन मशीन एकाच केबलवर पडत होती. त्यातल्या एका मशीनचा आयपी पत्ता एका अंकानं पुढे सरकवला आणि ते दुसऱ्या केबलवर गेलं.