घरासाठी पहिली बंदूक कोणती?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी नागपुरात एका बँकेत बारा वर्षं बंदूकधारी गार्ड होतो. परवान्याची बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्यांची बंदूक, अजून घरी आहे. त्यामुळे बेसा-मनीषनगरकडे कुठे घरफोडी झाली की आठवड्याभरात कोणी ना कोणी दारात येतंच. "काकाजी, घराच्या रक्षणासाठी बंदूक घ्यायची म्हणतो. पहिल्यांदाच घेतोय. कोणती घेऊ?"

मागच्या मे महिन्यात शेजारचे गृहस्थ आले. लग्नासाठी दोन रात्री सगळे अमरावतीला गेले होते. चोरांनी मागच्या दाराचा कोयंडा उचकटला, आलमारी फोडली, बायकोचं सोनं नेलं. माणूस आतून हललेला होता. मी त्यांना एवढंच विचारलं, "भाऊ, बंदूक असती तर त्या दोन रात्री ती कुठे असती?" थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "आलमारीत."

म्हणजे सोन्याबरोबर तीही गेली असती. आपल्याकडे उन्हाळ्यात घरं फुटतात ती बहुतेक कुलूप लावलेली. बंद घरातली बंदूक कोणाचं रक्षण करत नाही, ती चोराच्या हाती लागते. मी दोन दिवसांसाठी गावाला निघालो तरी आधी दुनळीची सोय लावतो. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा ठेवता येते. हा व्याप जन्मभराचा आहे आणि तो बंदुकीच्या किमतीत धरलेला नसतो.

तरीही घ्यायचीच असेल तर माझं मत दुनळीला. पुष्कळांना पिस्तूल हवं असतं, लहान असतं आणि उशाशी ठेवता येतं म्हणून. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. नोकरीत असताना एका सहकाऱ्याने पिस्तुलाचं मॅगझीन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, काढून टेबलावर ठेवलं आणि "रिकामं आहे" म्हणत चाप ओढला. मॅगझीन काढलं तरी एक गोळी नळीत राहिलेली होती. ती समोरच्या भिंतीत शिरली. दोन मिनिटांपूर्वी त्याच भिंतीला टेकून आमचा एक जण चहा पीत उभा होता. गिलाव्याचा पांढरा धुरळा आणि कानात घुमणारा तो आवाज मला आजही जसाच्या तसा आठवतो.

दुनळीत असं लपून काही राहत नाही. वरचा खटका अंगठ्याने सरकवला की नळ्या पुढे झुकतात आणि मागचं तोंड उघडं पडतं. काडतूस असेल तर त्याची पितळी बूड दिसते. नसेल तर नळ्या खिडकीकडे धरायच्या, दोन्हीतून आरपार उजेड दिसतो. नवशिक्यालाही ते एका नजरेत कळतं. कानपूरला बनणारं .32 चं सरकारी रिव्हॉल्व्हरही असंच नळी पुढे झुकवून उघडतं आणि गोळ्यांची सहाही घरं समोर येतात, म्हणून लहान हत्यारच हवं असेल तर मी पिस्तुलाआधी त्याचं नाव घेतो. पण लांब हत्यार खांद्याला लागतं, नेम धरायला सोपं जातं, आणि खेळता खेळता नळी कोणाकडे वळली तर चटकन ध्यानात येतं. घरात नातवंडं असली की ही गोष्ट फार मोठी.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. वय 21 पूर्ण हवं. नागपूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलीस चौकशी होते, आणि 2016 च्या नियमांप्रमाणे हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. परवाना आता 5 वर्षांचा असतो. निवडणूक लागली की हत्यार जमा करायचा आदेश येऊ शकतो. परवाना मिळेलच असं धरून चालू नका. जिवाला धोका का आहे ते पटवून द्यावं लागतं.

आणि गोळी झाडायची वेळ आलीच तर? भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध तो बराच पुढेपर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा कायदा देत नाही. भिंतीवरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातले, तर त्याला बचाव म्हणणं अवघड होईल. झोपेतून उठलेल्या माणसाने, कूलरच्या घरघरीत, अंधारात, एका क्षणात हे सगळं ठरवायचं असतं. आणि पोरगा उशिरा घरी आला की तोही फाटकावरूनच चढून येतो.

शेजाऱ्यांनी शेवटी मागच्या दाराला लोखंडी जाळीचं दार आणि आतून आडणा बसवून घेतला. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये गेलं. परवान्याचा अर्ज अजून त्यांच्या टेबलावर आहे. भरायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

तुम्हाला घ्यायचीच असेल तर रविवारी सकाळी घरी या. दुनळी समोर उघडून दाखवतो, नळ्यांतून उजेड कसा बघायचा तेही दाखवतो. येताना वहिनींना आणि मोठ्या मुलीलाही आणा. कुलपाची चावी कोणाकडे राहणार, हे त्यांच्यासमोर बोलू.