शेवरलेच्या पोटातली बिडाची प्लेट

चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, खडूच्या रेघा मी आदल्या संध्याकाळीच मारून ठेवल्या होत्या. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, दोन्ही अंगाला. तेवढी चासी खालून अर्धगोल कापायची, आतून जाड पट्टी वेल्ड करायची, म्हणजे ॲक्सलला वर उसळायला जागा होते आणि गाडी जमिनीला टेकल्यागत खाली बसते. गॅस कटरची नळी जोडून तयार. बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या शेडवर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्या मशीनशॉपचा आवाजही ऐकू येत नव्हता.

गाडी शेवरलेची पिकअप, 1947 च्या मॉडेलची. पुढं पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, गोल खांदे, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत पंचवीस-तीस वर्षं उभी होती. मालक गेले, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाच्या डोक्यात ती शिरली. आठवड्यापूर्वी टेम्पोवर चढवून तवंदी घाटातून आणली तेव्हा हौद्याच्या फटींतून अजून तंबाखूची भुकटी गळत होती. आमचा हेल्पर पोरगा दिवसभर शिंकत होता.

नातवाला स्ट्रीट रॉड पाहिजे होती. मोबाईलवर फोटो दाखवले त्यानं. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्डचे मडगार्ड, बॉनेट काढून, इंजिनं फुगवून वाळलेल्या तळ्यांवर पळवायची, तिथून हॉट रॉड सुरू झाली. स्ट्रीट रॉड म्हणजे तिचीच जरा शहाणी बहीण. तिकडं 1948 किंवा त्याआधीच्या गाडीला हे नाव देतात. वरून रूप जुनं, आत इंजिन नवं, डिस्क ब्रेक, पॉवर स्टीअरिंग, एसीसुद्धा. खरं सांगायचं तर मला त्यात वावगं वाटत नाही. सहा व्होल्टची बॅटरी, कंदिलाएवढा उजेड देणारे हेडलाईट आणि चारी चाकांना ड्रम ब्रेक घेऊन आजच्या हायवेवर कुणी यावं असं मी म्हणणार नाही.

फक्त कायदा त्याला समजावून सांगितला होता. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ येतं, नवीन नोंदणीला वीस हजार. पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार नको. आणि साधी गाडी म्हणून चालवायची म्हटली तर कंपनीनं दिलेल्या रूपात बदल चालत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये सांगून ठेवलंय. “म्हणजे कापली की दोन्हीकडून गेली,” मी म्हटलं.

“रोडवर नाही काढणार, मामा. शोला नेणार फक्त.”

“शोला कशी नेणार? डोक्यावर घेऊन?”

तो हसला, पण ऐकला नाही. पैसे त्याचे, गाडी त्याची. मी रेघा मारल्या.

त्या दिवशी आधी इंजिन उतरवायचं होतं. बॉनेटखाली शेवरलेचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन नाही, हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तिथं चार सिलिंडरचं पर्किन्स डिझेल बसलेलं. त्यात नवल काही नाही. पेट्रोल महाग, परदेशी सुट्या भागांवर बंधनं, मद्रासला सिम्प्सनवाले पर्किन्स बनवायला लागलेले, तेव्हा कितीतरी अमेरिकन गाड्यांच्या पोटात डिझेल गेलं. नातू नाराज झाला होता. त्याला वाटत होतं, गाडीला कुणाचा हात लागलेला नाही.

चेनपुली लावली, माउंटिंगचे बोल्ट सोडले, इंजिन पुढं ओढलं. आणि इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ती प्लेट दिसली.

बिडाची. सव्वा इंच जाड, परातीएवढी गोल, एका अंगाला स्टार्टरसाठी फुगवटा. डिझेलनं कापडानं पुसली तर खाली वाळूच्या साच्याचे बारीक खवले तसेच. कडेला कानशीचे आडवे ओरखडे. एका बाजूचे बोल्ट पर्किन्सचे, दुसऱ्या बाजूचे शेवरलेचे. ही कुठल्या कंपनीची नव्हे. ही कुणीतरी इथंच ओतून घेतली होती.

मी चहा बाजूला ठेवला.

इंजिन बदलणाऱ्यानं गिअरबॉक्सही का बदलला नाही, ते तेव्हा कळलं. मागची चाकं फिरवणारा ह्या शेवरलेचा प्रॉपेलर शाफ्ट उघडा नसतो. तो एका जाड नळीत बंद असतो, आणि मागची चाकं गाडीला जो रेटा देतात तो त्या नळीतूनच पुढं गिअरबॉक्सला येतो. गिअरबॉक्स बदलला की नळी बदला, नळी बदलली की मागचा ॲक्सल बदला. एक टाका उसवला की अख्खी गोधडी. त्या मिस्त्रीनं मागचं काहीच हलवलं नाही. मधे फक्त एक कडं घातलं.

डायल गेज लावून प्लेटचं मधलं बोअर तपासलं. क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आले नाहीत तर क्लच महिन्यात खलास होतो. काटा चार थाऊच्या, म्हणजे इंचाच्या चार हजारांश भागांच्या, आतच हलत होता. आज सीएनसीवर काम घेणारे ह्यापेक्षा वाईट माल देतात, आणि वर जीएसटीचं बिल.

तेवढ्यात नातू आला. सोबत छत्री झटकत एक म्हातारे. त्याच्या आजोबांचे ड्रायव्हर, वय ऐंशीच्या पुढं. नातवानं प्लेट बघितली आणि एकदम मुद्द्यावर आला. “म्हणजे इंजिन आधीच बदललेलं. व्हीए नंबर तसाही मिळणार नाही. मग कापायला काय हरकत आहे?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तो बोलला ते बरोबरच होतं.

म्हातारे मात्र प्लेटवर हात फिरवत उभे होते. “ही हितंच ओतली ओ, बेळगावात. मी तवा किन्नर होतो, गाडीचा क्लीनर. शापूरच्या सुतारानं लाकडाचा पॅटर्न केला. पयली प्लेट तडकली, दुसरी ही.” मग नातवाकडं वळून, “धाकलं मालक, पंचेचाळीसच्या वर कवाच न्हाई गेली गाडी. खरं घाटात कवा थांबली पण न्हाई.”

नातवाच्या फाईलमध्ये आरसी बुक होतं, घडीवर फाटलेलं. पहिल्या पानावर मुंबई राज्याचा शिक्का. 1956 नंतरच्या पानांवर म्हैसूरचा. आणि म्हैसूरच्याच एका पानावर निळ्या शाईत, इंधनापुढं ‘पेट्रोल’ खोडून ‘डिझेल’, खाली साहेबाची सही. नातवानं हे पान आधी बघितलंच नव्हतं. मीही नाही. बराच वेळ तो प्लेट आणि पान आळीपाळीनं बघत होता.

“मामा, न कापता किती खाली येईल?”

“स्प्रिंगच्या पाट्यांतली दोन-दोन पानं काढून बघू. ती परत घालता येतात. डिस्क ब्रेक बोल्टवर बसतील असे करू. वेल्डिंग नको.”

“आणि इंजिन?”

“हे आधी चालू तर होऊ दे.”

गॅसची नळी मी गुंडाळून ठेवली. खडूच्या रेघा पुसल्या नाहीत. त्याचं मन परत कधी फिरेल सांगता येत नाही. पुण्याची पोरं.

निघताना म्हातारे दारातून परत आले. पायऱ्या नाहीत शेडला, तरी भिंतीचा आधार घेत आले. प्लेटच्या खालच्या अंगाचं एक भोक बोटानं दाखवलं. “ह्या बोल्टाला तांब्याचा वायसर घाला मिस्त्री. न्हाईतर तेल गळतंय.”

मी बॅटरीचा उजेड पाडून बघितलं. आटे एका साईजनं मोठे पाडलेले होते, आणि तोंडाशी तांब्याची पातळ चकती दाबून चपटी होऊन अजून चिकटलेली होती.