टाकीचं झाकण अडलं की आधी तेलाची कुपी बाजूला ठेवा

जुन्या मोटारसायकलच्या टाकीचं झाकण अडलं की पहिला हात तेलाच्या कुपीकडे जातो. चावीच्या भोकात चार थेंब सोडले की त्या दिवशी झाकण उघडतंही. पण सोयाबीन काढणीच्या दिवसांत गाडी आठवडाभर पांदणीने फिरली, की तेच तेल धुरळा आणि कुटाराची भुकटी धरून बसतं. कुलपाच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, प्रत्येकीला एक बारीकशी स्प्रिंग. काळ्या मातीचा चिकटा त्या स्प्रिंगला पेलवत नाही. खाली दबलेली पट्टी वर येत नाही, आणि चावी जागीच अडते.

म्हणून आधी नेमकं काय अडलंय ते पाहा. चावी आत जाते पण फिरत नाही? तळहाताने झाकण खाली दाबून धरा आणि मग फिरवा. मोकळी फिरली तर कुलूप चांगलं आहे. झाकणाखालचं रबर फुगलंय, किंवा उन्हात टाकीत वाफ दाटून झाकण वर रेटलं जातंय, त्यामुळे कुलपाच्या खालच्या जिभा टाकीच्या काठाला घट्ट बसल्यात. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचं हे हमखास होतं. गाडी सावलीत घ्या, अर्धा तास थांबा. उलट, चावी फिरते पण झाकण उचलत नाही, आणि उचललं की सुस्स करून हवा आत ओढली जाते, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. अशी गाडी काही किलोमीटर चालून बंद पडते आणि झाकण उघडलं की पुन्हा चालू होते. कितीतरी लोक यासाठी कार्बोरेटर खोलून बसतात! छिद्र झाकणाच्या खालच्या बाजूला असतं. जुन्या क्लच वायरची एक तार त्यातून ओवा आणि पंपाने हवा मारा. छिद्र मोठं मात्र करू नका, पावसाचं पाणी टाकीत उतरेल.

कुलूपच अडलं असेल तर पंपाने धूळ उडवा. चावी हलक्या हाताने आतबाहेर करत राहा, पक्कड लावू नका. झाकण निघालं की टाकीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा. झाकण हातात असं धरा की चावीचं भोक खाली राहील. सिरिंजने २ मिली पेट्रोल भोकात मारा, चावी १५-२० वेळा घाला-काढा आणि दर वेळी फडक्याला पुसा. आधी काळं निघतं, मग तपकिरी. फडकं स्वच्छ राहिलं की थांबा. हे काम मोकळ्या हवेत करा, जवळ विडी नको आणि चूलही नको.

तासभर वाळू द्या. मग ६बी पेन्सिलीचं शिसं चावीच्या दोन्ही बाजूंना घासा आणि चावी दहा वेळा फिरवा. शिसं कोरडं असतं, त्याला माती धरत नाही. शाळेची एचबी पेन्सिलही चालते, पण तिच्यात चिकणमाती जास्त असते.

रबर कडक झालं असेल तर बदला. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही, ते फुगतं किंवा तडकतं. ग्रीस लावून भागत नाही, कारण पेट्रोल ते धुऊन टाकीत नेतं.

सगळं करूनही चावी अडखळते? मग दात झिजलेत. नवी चावी करताना रोजची चावी नमुना म्हणून देऊ नका, तिची झीजही नव्या चावीत उतरते. जोडीतली न वापरलेली चावी शोधून द्या.

चावी आत तुटली तर स्क्रू ड्रायव्हरने झाकण उचकटू नका, काठ वाकला की रबर कधीच नीट बसत नाही. भरल्या टाकीवर ड्रिल तर चालवूच नका. रिकाम्या टाकीतही वाफ असते, म्हणून हे काम मिस्त्रीकडेच द्या.