बारा जुलैचं पिठलं

शनिवार, १२ जुलै

आज पिठलं-भात. या तारखेला आमच्याकडे दुसरं काही होत नाही, आणि का होत नाही हे घरात कुणी बोलत नाही. हे पिठलंही रोजचं नव्हे. फोडणीला मोहरी, हिंग, हळद आणि उभी चिरलेली हिरवी मिरची, बस्स. कांदा नाही, लसूण नाही, वरून कोथिंबीरसुद्धा नाही. गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. लहानपणी मला हे कसलंतरी व्रत वाटायचं. कालनिर्णयात शोधूनही झालं होतं.

१९६१ साली याच दिवशी सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचंही फोडलं, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. लकडी पूल पाण्याखाली गेला. नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे भिजून भिजून बसले. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत नदीच्या अंगाला होतं, तळमजल्यावर दोन खोल्या. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे, आत्या नऊ, काका आजीच्या कडेवर.

दुपारी आत्याकडे डबा घेऊन गेले. झाकण उघडून तिनं आधी वास घेतला, मग म्हणाली, "हिंग जास्त झालाय." म्हणजे तब्येत बरी आहे.

पुराचं ती क्वचितच बोलते, आज बोलली. लोक पाणी किती चढलं ते सांगतात, भिंतीवरच्या खुणा दाखवतात. आत्या सांगते ते स्वयंपाकघराचं. पूर आला तो जुलैत. म्हणजे वर्षाची बेगमी नुकतीच भरून झालेली. एप्रिल-मेमध्ये पापड, कुरडया, सांडगे गच्चीवर वाळवून डब्यात गेलेले, गहू ऊन देऊन पिंपात, तांदळाला बोरिक पावडर चोळलेली, तुरीची डाळ तेल लावून ठेवलेली, लोणच्याच्या बरण्यांना दादरा बांधलेला. आजोबांच्या कारकुनी पगारातून वर्षभर बाजूला काढलेले पैसे त्या एका कोनाड्यात होते म्हणायचं. चार महिन्यांनी पूर आला असता तर निदान निम्मं तरी खाऊन झालं असतं, असं आजी नंतर हिशेबाच्या सुरात म्हणायची. पाणी ओसरल्यावर ते घरी गेले तर पिंपातला गहू फुगून झाकणाबाहेर आला होता आणि त्याला मोड फुटले होते. आत्याला आठवतो तो वास. चिखलाचा वास सगळ्यांनाच आठवतो. हा आंबलेल्या धान्याचा.

निघताना आजीनं देव आणि रेशनकार्ड एवढंच घेतलं होतं. संध्याकाळी सगळे पेरुगेटजवळ लांबच्या एका नातेवाइकांच्या वाड्यात पोचले. तिथे आधीच जिन्यापासून ओट्यापर्यंत माणसं. दिवे नव्हते. नळाला पाणी नव्हतं, धरणच गेल्यावर नळ कुठून येणार? त्या वाड्यात आड होता, म्हणून चूल पेटली. घरातल्या काकूंनी डब्यातलं होतं नव्हतं तेवढं बेसन लावलं. एवढ्या माणसांना कांदा कुठून पुरवायचा? कंदिलाच्या उजेडात गुठळ्या कोण मोडत बसणार? आत्या म्हणते तिनं इतकं गरम काही आयुष्यात खाल्लं नाही आणि दोनदा मागून घेतलं. बाबांनी मात्र ताटाला हात लावला नाही. पुढे जन्मभर या दिवशी तेच न चुकता पिठलं मागायचे. का, ते कुणी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

रविवार, १३ जुलै

काल रात्री आजीची वही काढली. जुनं सगळं वाहून गेल्यामुळे ही वही पुरानंतरची, म्हणजे आमच्या घराण्याचा लेखी इतिहास इथूनच सुरू होतो. पहिल्याच पानावर गोडा मसाला. धने १ शेर, तीळ पावशेर, खोबरं दोन वाट्या, मग शहाजिरे, दगडफूल, तमालपत्र, नागकेशर, दालचिनी, लवंग, सगळं तोळ्यांत. त्या काळात देशात नुकतीच दशमान मापं आली होती. म्हणून काही ठिकाणी शेर खोडून किलो केलंय, आणि एका ओळीत दोन्ही एकत्र नांदतायत. शेर म्हणजे ऐंशी तोळे, साधारण ९३३ ग्रॅम. आजीनं सरळ किलोच धरला. तेव्हापासून आमच्या मसाल्यात धने किंचित जास्त आहेत, एवढं माप मी आज लावलं.

पण खरी गंमत खालच्या ओळीत आहे. "सुक्या मिरच्या पाव किलो, तेलात परतून." कोकणातून आलेल्या घराच्या गोड्या मसाल्यात इतक्या मिरच्या? आत्या तर शपथेवर सांगते की हा मसाला पेशवाईपासून जसाच्या तसा आलाय.

आईला विचारलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, तो तर बार्शीच्या काकूंचा."

झालं असं. पुरानंतर काही काळ इकडेतिकडे काढून आजी-आजोबा पर्वतीच्या पायथ्याशी, सहकारनगरला पूरग्रस्तांच्या सोसायटीत आले. कुठल्या कुठल्या पेठांतली माणसं एका ओळीत. शेजारचं घर बार्शीकडच्यांचं. मसाल्याचे दिवस आले तेव्हा दोघींकडेही पुरेसे पैसे नव्हते आणि नागकेशर, दगडफूल काही स्वस्त मिळत नाही. मग दोघींनी मिळून रविवार पेठेतून सामान आणलं, एकाच कढईत भाजलं, एकाच उखळात कुटलं आणि वाटून घेतलं. काकूंना काळा मसाला हवा होता, कांदा-लसणासकट. आजीला लसूण चालेना. तीळ काढायला ती तयार नव्हती, काकू मिरची सोडायला. शेवटी लसूण गेला, मिरची राहिली. दगडफुलावरून वाद नव्हता. नुसतं हुंगलं तर त्याला मातीखेरीज काही वास नसतो, तेलात पडलं की सगळी आळी भूक भूक करते.

पुढे दोन्ही घरांना बरे दिवस आले, काकू मुलाकडे राहायला गेल्या, पण मसाला तसाच राहिला. आमच्या आमटीत आमसूल आहे, गूळ आहे आणि घास गिळताना मागून हळूच तिखट येतं. पाहुणे म्हणतात, वेगळीच आहे हो तुमची आमटी. आत्या म्हणते, घराण्याची आहे.

मला तरी आत्याचं पटतं. एका तव्यावर भाजलेल्यांना घराणं म्हणायचं नाही तर कशाला?

आईचा स्वतःचा वाटा वहीत नाही. ती सोलापूरची, लग्न होऊन आली दुष्काळात. १९७२ साली रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो. आईच्या हातची भाकरी माहेरी नावाजलेली, आणि सासरी पहिल्याच दिवशी तिच्या पुढ्यात मिलोचं पीठ. थापायला घेतलं की कडा चिरायच्या, भाजली की चिवट व्हायची. सासूला वाटलं असणार, सून सोलापूरची म्हणे! दोन-चार दिवसांनी आईनं थापणं सोडलं. पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी त्यात मिरची-जिरं वाटून घालायचं आणि तव्यावर धिरडी घालायची. सोबत तिची शेंगांची चटणी, उखळात कुटून तेल सुटलेली. आजीनं काही शेरा मारला नाही. आठवड्यानं स्वतः ताक काढून ठेवायला लागली. आजीकडून कौतुक म्हणावं ते एवढंच.

मिलो गेली, त्यानंतर आईनं तिचं नावही काढलं नाही. धिरडी मात्र आज सकाळीही होती, चांगल्या मालदांडी ज्वारीची. आमच्या लेकीनं बेंगळुरूहून व्हिडिओवर पाहिली आणि विचारलं, यात ओट्स घालू का? आई म्हणाली, "घाल की. आम्ही काय, मिळेल ते घालत होतो."

लेकीला मसाल्याची यादीही हवी आहे. मी वही बघून ग्रॅममध्ये लिहून काढतेय. धन्यांपुढे ९३३ लिहायचं की १०००, यावर बसलेय. हजार लिहिते. मिरचीपुढे बेडगी की संकेश्वरी ते वहीत नाही, आईला आठवत नाही. आत्या बेडगी म्हणेल, कारण रंग. पण काकू बार्शीच्या होत्या, त्या नुसत्या रंगावर भागवतील असं वाटत नाही. उद्या दोन्ही थोड्या थोड्या आणून दोन घाणे करून बघते. आत्याला सांगणार नाही कुठला कुठला ते.