शिकागोतील पायऱ्यांवर

आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रे पाहायला गेलो होतो, पण बराच वेळ मुख्य जिन्यापाशीच उभा राहिलो. ११ सप्टेंबर १८९३ रोजी याच इमारतीत सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. त्या परिषदेत ब्राह्म समाजाच्या वतीने मुंबईचे बी. बी. नगरकर आणि जैन धर्माच्या वतीने वीरचंद गांधीही बोलले होते. आपण मात्र एकच नाव लक्षात ठेवले, याची आज खंत वाटली.

२०१० साली मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी विवेकानंदांच्या त्या भाषणातील शब्द याच जिन्याच्या पायऱ्यांवर प्रकाशात उमटवले होते आणि त्यासाठी दहशतवादी धोक्याची पातळी दर्शवणारे अमेरिकी शासनाचे पाच रंग वापरले होते. १८९३ चे ते भाषण आणि २००१ चा अमेरिकेवरील दहशतवादी हल्ला, अशा ११ सप्टेंबर या एकाच तारखेला जोडलेल्या दोन टोकांच्या आठवणी त्यांनी समोरासमोर आणल्या.

परिषदेच्या शताब्दीला, १९९३ साली, शिकागोतच पुन्हा सर्व धर्मांचे लोक जमले आणि स्विस धर्मशास्त्रज्ञ हान्स क्युंग यांनी मसुदा केलेले जागतिक नीतिमूल्यांचे घोषणापत्र पुढे आले. धर्माधर्मांत शांतता नसेल तर राष्ट्राराष्ट्रांत ती नांदणार नाही, हे क्युंग यांचे प्रतिपादन मला मनापासून पटते. पुढे केप टाउन, बार्सिलोना, मेलबर्न अशा शहरांत हा संवाद चालू राहिला. घोषणापत्रांनी युद्धे थांबत नाहीत, हे मी जाणतो. तरीही परक्या धर्माच्या माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय अशा व्यासपीठांवरच लागते, असे मला वाटते.

बाहेर पडताना जिना मी मुद्दाम सावकाश उतरलो.